एक पत्रपेटी, दोन संगणक

शिक्षक बंधुभगिनींनो,

गेल्या काही वर्षांत आपल्या शाळांचा बराचसा पत्रव्यवहार कागदावरून ई-मेलवर आला आहे. सभांच्या सूचना, माहितीचे तक्ते, प्रशिक्षणाची वेळापत्रके ही सर्व आता याच मार्गाने येतात व जातात. पुष्कळ शिक्षकांच्या घरी एकाचे दोन संगणकही झाले आहेत: एक टेबलावर कायम ठेवलेला आणि दुसरा पिशवीतून कोठेही नेता येणारा. पत्रपेटी मात्र एकच असते. एका पत्रपेटीतील पत्रे दोन संगणकांवर सारखी कशी दिसावीत, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु तो मला वेळीच समजला नाही आणि त्यामुळे माझ्या हातून एका प्रामाणिक शिक्षकावर अन्याय घडला. ती हकीकत प्रथम सांगतो आणि मग तिच्या कारणांकडे व उपायांकडे वळतो.

घडलेली हकीकत

माझ्या घरी माजघरात टेबलावरचा एक जुना संगणक आहे. मुलगी नोकरीनिमित्त शहरात गेली, तेव्हा तिने मागे ठेवलेला एक लॅपटॉपही आहे. माझी पत्नी प्राथमिक शिक्षिका आहे. टेबलावरचा संगणक बहुधा तिच्या कामी येतो व लॅपटॉप मी फिरतीवर बरोबर नेतो. घरची पत्रपेटी आम्हा दोघांची मिळून एकच.

एका द्विशिक्षकी शाळेतील मुलीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जात जन्मतारीख चुकली होती. दुरुस्तीची मुदत संपण्यास थोडेच दिवस उरले होते. तेथील शिक्षकास मी दाखलखारीज नोंदवहीतील नोंदीची प्रत पाठविण्यास सांगितले आणि मी फिरतीवर असणार म्हणून ती माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवा, अशी सूचनाही मीच केली. दुसऱ्या दिवशी केंद्राची शिक्षण परिषद होती. दुपारी मी लॅपटॉप उघडून पत्रपेटी पाहिली. तीत ते पत्र नव्हते. मी सर्वांसमक्ष त्या शिक्षकास विचारले. तो म्हणाला, "साहेब, सकाळी साडेसातलाच पाठवलं आहे." मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरविला व म्हणालो, "मग दाखवा बरं कुठे आहे ते. पाठवलंच नाही तर येईल कुठून?" तो काही बोलला नाही. खाली मान घालून जागेवर बसला.

संध्याकाळी घरी परतलो. पत्नी माजघरातील संगणकावर घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका तयार करीत होती. ती म्हणाली, "अहो, त्या मुलीच्या जन्मतारखेचं पत्र सकाळीच येऊन पडलं आहे. पाहिलंत का?" पत्रावरील वेळ सकाळी साडेसातचीच होती.

मुदतीचे दोन दिवस बाकी होते म्हणून दुरुस्ती झाली आणि मुलीचे नुकसान टळले. परंतु चारचौघांत उच्चारलेला शब्द परत घेता आला नाही. पत्र आले होते, शिक्षक खरे बोलत होता, लॅपटॉपही बिघडलेला नव्हता. मग पत्र गेले कोठे? हा उलगडा करण्यासाठी ई-मेल कसा चालतो, हे थोडे मुळापासून पाहिले पाहिजे.

पत्र राहते कोठे?

पुष्कळांची अशी समजूत असते की, पाठविणाऱ्याच्या संगणकातून निघालेले पत्र थेट आपल्या संगणकात येऊन पडते. वस्तुस्थिती तशी नाही. इ. स. १९७१ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज या गावी रे टॉमलिन्सन या अभियंत्याने जाळ्यावरून एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पहिले पत्र पाठविले. ते दोन संगणक शेजारीशेजारी ठेवलेले होते. आपल्या ई-मेल पत्त्यात जे '@' हे चिन्ह येते, त्याची योजनाही त्याचीच. त्या काळी एकेका मोठ्या संगणकावर अनेक माणसे काम करीत आणि प्रत्येकाचे पत्र त्या मोठ्या संगणकातच राहत असे. त्यामुळे घरचा संगणक कोणता व कार्यालयातला कोणता, हा प्रश्न कोणासही पडण्याचे कारण नव्हते.

आजही पत्र प्रथम ज्या ठिकाणी पोहोचते ते ठिकाण म्हणजे सेवा पुरविणाऱ्या संस्थेचा, रात्रंदिवस चालू असणारा संगणक होय. त्यास सर्व्हर असे म्हणतात. पाठविणाऱ्याकडून सर्व्हरपर्यंत पत्र नेण्याचे नियम १९८२ मध्ये निश्चित झाले. त्या नियमसंचास एसएमटीपी असे नाव आहे. आपली पत्रपेटी ही वस्तुतः त्या सर्व्हरवरील एक राखीव जागा आहे. आपल्या घरचा संगणक त्या जागेशी संधान बांधतो व तेथील पत्रे आपणास दाखवितो.

हे संधान बांधण्याच्या दोन रीती आहेत. दोहोंमधील भेद ज्याने ओळखला, त्याचा निम्मा प्रश्न सुटला असे समजावे.

पहिली रीत: पाटीवर उतरवून घेणे

पहिल्या रीतीस पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल असे म्हणतात. ती १९८४ मध्ये निघाली. सध्या वापरात असलेली तिची तिसरी आवृत्ती प्रथम १९८८ मध्ये आली व तिचे आजचे नियम १९९६ मध्ये ठरले. त्या काळी घरचा संगणक टेलिफोनच्या तारेवरून जाळ्याशी जोडावा लागे व जितका वेळ जोडणी राही तितका खर्च चढे. सर्व्हरवरील जागाही फार थोडी असे. सबब जोडणी करावी, आलेली सर्व पत्रे आपल्या संगणकात उतरवून घ्यावीत, सर्व्हरवरील प्रती काढून टाकाव्यात आणि जोडणी तोडावी, अशी ही योजना होती. ज्याच्याकडे एकच संगणक आहे, त्याच्यासाठी ती सोईस्कर होती व आजही आहे.

पॉपच्या नियमांत दक्षतेची एक तरतूद आहे. पत्र काढून टाकण्याचा हुकूम दिला तरी ते तत्काळ नष्ट होत नाही. संगणकाने रीतसर निरोप घेतल्यावरच सर्व्हर ते काढतो. मध्येच जोडणी तुटली, तर सर्व्हरवरील पत्रे जशीच्या तशी राहतात. त्यामुळे वीज गेली किंवा तार तुटली म्हणून पत्र हरवत नाही.

आता दोन संगणक असले म्हणजे काय होते, ते आपल्या वर्गातील उदाहरणाने पाहू. सर्व्हर म्हणजे फळा व आपला संगणक म्हणजे पाटी असे समजा. फळ्यावर गणित लिहिलेले आहे. पहिला विद्यार्थी येतो, गणित पाटीवर उतरवून घेतो आणि जाताना फळा पुसून टाकतो. थोड्या वेळाने दुसरा विद्यार्थी येतो. त्याला कोरा फळा दिसतो व तो सांगतो की, आज गणित दिलेच नाही. दुसरा विद्यार्थी खोटे बोलत नाही. पहिल्यानेही चोरी केलेली नाही. त्याला शिकविलेल्या रीतीप्रमाणे तो वागला.

माझ्या घरी नेमके हेच घडले. माजघरातील संगणकावरील पत्रांचा कार्यक्रम पॉप रीतीने लावलेला होता आणि दर दहा मिनिटांनी पत्रे आणावीत अशी त्यास आज्ञा होती. पत्नी प्रश्नपत्रिका करीत असता पडद्याआड त्या कार्यक्रमाने सकाळीच पत्र उतरवून घेतले व सर्व्हरवरील प्रत काढून टाकली. दुपारी लॅपटॉपने सर्व्हरकडे विचारणा केली, तेव्हा तेथे देण्यासारखे काही उरलेच नव्हते.

पॉप रीतीतील तडजोड

पॉप रीत ठेवूनही हा दोष काही अंशी टाळता येतो. थंडरबर्ड, आउटलुक यांसारख्या कार्यक्रमांत खात्याच्या मांडणीत 'सर्व्हरवर प्रत राहू द्या' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो निवडला म्हणजे विद्यार्थी गणित उतरवून घेतो, परंतु फळा पुसत नाही. सर्व्हर प्रत्येक पत्रास एक खूण देतो. कोणत्या खुणेची पत्रे आपण आधीच घेतली आहेत, हे प्रत्येक संगणक आपल्यापाशी नोंदवून ठेवतो. त्यामुळे तेच पत्र पुनःपुन्हा उतरत नाही व दोन्ही संगणकांना प्रत्येकी एक प्रत मिळते.

सर्व्हरवरील जागा भरून जाऊ नये म्हणून अमुक दिवसांनंतर प्रत काढावी, असेही सांगता येते. तसे करावयाचे झाल्यास एकाच संगणकास हे काम नेमून द्यावे व दुसऱ्यास कधीही काही न काढण्याची आज्ञा द्यावी. दिवसांची संख्याही विचारपूर्वक ठरवावी. लॅपटॉप दिवाळीच्या सुटीत तीन आठवडे बंद राहणार असेल आणि टेबलावरच्या संगणकास चौदा दिवसांची मर्यादा दिली असेल, तर सुटीच्या आरंभीची पत्रे लॅपटॉपला कधीच मिळणार नाहीत.

जीमेलची पत्रपेटी असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पॉप रीतीने जीमेल एखादे पत्र एका संगणकास दिले की, ते पुन्हा दुसऱ्यास सहसा देत नाही, मग ते पत्रपेटीत शिल्लक का असेना. वापरणाऱ्याच्या नावापूर्वी 'रीसेंट' हा शब्द व विसर्गासारखी दोन टिंबे इंग्रजीत लिहिली, तर मागील ३० दिवसांची पत्रे प्रत्येक संगणकास मिळू शकतात. जीमेलवर पॉप वापरून ज्यांच्या दुसऱ्या संगणकावर पत्रे येत नाहीत, त्यांच्या अडचणीचे कारण बहुधा येथेच सापडेल.

तथापि ही सर्व तडजोडच होय. दोन पाट्यांवर एकच गणित उतरले, तरी पहिल्याने आपल्या पाटीवर सोडविलेली पायरी दुसऱ्यास दिसत नाही. टेबलावरच्या संगणकावर वाचलेले पत्र लॅपटॉपवर न वाचलेलेच राहते. एका ठिकाणी काढून टाकलेली जाहिरात दुसऱ्या ठिकाणी तशीच असते. सर्वांत मोठी अडचण पाठविलेल्या पत्रांची आहे. पॉप रीत केवळ आलेली पत्रे आणते, त्यामुळे एका संगणकावरून दिलेल्या उत्तराची प्रत त्याच संगणकात राहते व दुसऱ्यास तिचा पत्ताही नसतो. काही लोक प्रत्येक उत्तराची एक गुप्त प्रत स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून ही उणीव भरून काढतात. उपाय चालतो खरा, पण एक दिवस विसर पडला की नोंद तुटते.

दुसरी रीत: फळ्याकडेच पाहणे

दुसऱ्या रीतीस आयमॅप म्हणजे इंटरनेट मेसेज ॲक्सेस प्रोटोकॉल असे म्हणतात. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ती सिद्ध केली. पुढे तिच्यात अनेक सुधारणा झाल्या व अलीकडची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये आली. एकाच माणसाने निरनिराळ्या ठिकाणांहून आपली पत्रपेटी पाहावी व ती सर्वत्र सारखी दिसावी, यासाठी हीच रीत योग्य होय.

या रीतीत पत्रे फळ्यावरच राहतात व सर्व विद्यार्थी त्याच फळ्याकडे पाहतात. पत्राविषयीच्या खुणादेखील सर्व्हरवरच केल्या जातात. पत्र पाहिले, उत्तर दिले, महत्त्वाचे आहे, मसुदा आहे, काढावयाचे आहे, या पाच खुणा नियमांतच दिलेल्या आहेत. टेबलावरच्या संगणकावर पत्र वाचले की, 'पाहिले' ही खूण सर्व्हरवर उमटते आणि लॅपटॉपवर त्या पत्राची ठळक अक्षरे आपोआप साधी होतात. पत्रांसाठी केलेले कप्पेही सर्व्हरवर असल्यामुळे दोहोंकडे सारखे दिसतात. पाठविलेल्या पत्रांचा कप्पा सर्व्हरवर ठेवला, तर कोणास काय उत्तर दिले, हे कोणत्याही संगणकावरून पाहता येते.

येथे ग्रामीण भागातील शिक्षक स्वाभाविकच विचारतील की, जाळे नसेल तेव्हा काय? आयमॅप रीतीतही कार्यक्रम पत्रांची एक प्रत संगणकात ठेवू शकतो. जाळे नसताना ती वाचता येते, उत्तराचा मसुदा लिहून ठेवता येतो व जोडणी मिळताच दोन्हीकडचा मेळ बसतो. भेद इतकाच की, पॉपमध्ये आपल्या संगणकातील प्रत ही मूळ होऊन बसते. आयमॅपमध्ये मूळ सर्व्हरवर असते व आपल्याकडे तिची छाया असते.

जे शिक्षक कोणताही निराळा कार्यक्रम न वापरता संकेतस्थळावर जाऊनच पत्रपेटी उघडतात, तेही थेट फळ्याकडेच पाहत असतात. त्यांच्यापैकी कोणाची पत्रे अकारण नाहीशी होत असतील, तर घरात दुसरा एखादा संगणक ती पॉप रीतीने उतरवून घेत नाही ना, हे प्रथम पाहावे. मोबाइल हा या कामी तिसरा संगणकच आहे, हेही विसरू नये.

बदल कसा करावा?

पॉपवरून आयमॅपवर जावयाचे असल्यास पुढील क्रम पाळावा. क्रम उलटा झाल्यास पत्रे गमावण्याचा संभव आहे.

१. प्रथम दोन्ही संगणकांवर जुन्या पॉप खात्यात 'सर्व्हरवर प्रत राहू द्या' हा पर्याय चालू करावा व आपोआप पत्रे आणण्याची आज्ञा बंद करावी. बाकीच्या पायऱ्यांस सवड नसेल, तरी एवढी पायरी आजच करावी.

२. आजपर्यंत संगणकात साठलेल्या पत्रांची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी काढून ठेवावी.

३. पॉप खाते बदलून आयमॅप करण्याच्या भानगडीत पडू नये. थंडरबर्डसारख्या कार्यक्रमात खात्याचा प्रकार मागाहून बदलता येत नाही. त्याच पत्त्याचे नवे खाते जोडावे व रीत निवडताना आयमॅप निवडावी. जीमेलसाठी येणाऱ्या पत्रांच्या सर्व्हरचे नाव 'आयमॅप.जीमेल.कॉम' व द्वारक्रमांक ९९३, आणि जाणाऱ्या पत्रांच्या सर्व्हरचे नाव 'एसएमटीपी.जीमेल.कॉम' व द्वारक्रमांक ४६५ किंवा ५८७ असा आहे. ही नावे संगणकात अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहावयाची असतात. अन्य सेवांची नावे त्या त्या सेवेच्या साहाय्यपृष्ठावर मिळतात.

४. पासवर्ड देण्यासाठी नवीन कार्यक्रम बहुधा सेवेचेच प्रवेशपृष्ठ उघडतात. तेथे नेहमीप्रमाणे प्रवेश करावा. जुन्या कार्यक्रमास ते जमत नसेल, तर जीमेलमध्ये दुपदरी पडताळणी चालू करून त्या कार्यक्रमापुरता सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड घेता येतो.

५. नवे खाते सुरू झाल्यावर जुन्या खात्यातील जपून ठेवण्यासारखी पत्रे नव्या खात्यातील योग्य कप्प्यात नकलून घ्यावीत. एका वेळी थोडी थोडी पत्रे घ्यावीत, म्हणजे जोडणी तुटली तरी हिशेब राहतो. तत्पूर्वी सर्व्हरवर जागा किती आहे, ते पाहावे. जीमेलच्या विनामूल्य खात्यास १५ जीबी जागा मिळते, परंतु तीत ड्राइव्हमधील धारिका व छायाचित्रेही मोजली जातात.

६. दुसऱ्या संगणकावरही असेच आयमॅप खाते जोडावे. नकललेली पत्रे तेथे दिसू लागली, अशी खात्री झाल्यावरच जुने पॉप खाते काढून टाकावे.

एक छोटी पडताळणी

आपली पत्रपेटी कोणत्या रीतीने लावलेली आहे, हे ज्यांस ठाऊक नाही त्यांनी एक साधा प्रयोग करावा. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांकडून करवून घेतो, तितकाच तो सोपा आहे. मोबाइलवरून दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरून आपल्या पत्रपेटीस एक पत्र पाठवावे. पहिल्या संगणकावर ते आल्याचे पाहावे व उघडून वाचावे. मग दुसऱ्या संगणकावर जावे.

पत्र तेथे आले असून ते वाचलेले म्हणून दिसत असेल, तर दोन्ही संगणक आयमॅप रीतीने चालत आहेत. पत्र आले, पण न वाचलेले म्हणून दिसत असेल, तर बहुधा पॉप रीत असून सर्व्हरवर प्रत राहत आहे. पत्र आलेच नाही, तर पहिला संगणक फळा पुसत आहे असे धरून चालावे व वर सांगितलेली पहिली पायरी तत्काळ करावी. प्रयोग उलट क्रमानेही करावा, कारण एक संगणक नीट व दुसरा चुकीचा लावलेला असू शकतो.

आयमॅपच्या दक्षता

आयमॅप ही रीत चांगली असली, तरी तिच्या स्वतःच्या काही दक्षता आहेत.

पहिली दक्षता अशी की, फळा एकच असल्यामुळे तो एकाने पुसला की सर्वांचाच पुसला जातो. लॅपटॉपवर काढलेले पत्र टेबलावरच्या संगणकावरूनही जाते. जीमेलमध्ये काढलेले पत्र ३० दिवस कचऱ्याच्या कप्प्यात राहते, त्या अवधीत ते परत घेता येते. त्यानंतर ते कायमचे जाते. दोन संगणकांवर पत्र दिसते म्हणजे दोन सुरक्षित प्रती आहेत, असा समज करून घेऊ नये. महत्त्वाच्या पत्राची प्रत वेगळी काढून ठेवावीच.

दुसरी दक्षता दोन माणसांविषयी आहे. पत्नीने पत्र सहज उघडले की माझ्या संगणकावरही ते वाचलेले दिसते, आणि मला वाटते की ते मीच केव्हातरी पाहिले असावे. अशा रीतीने पत्र दोघांनाही दिसूनही अनुत्तरित राहू शकते. यासाठी आमच्या घरी आम्ही एक नियम केला आहे. दुसऱ्याच्या कामाचे पत्र उघडले गेले, तर ते पुन्हा 'न वाचलेले' करून ठेवावयाचे. ज्याचे काम पुरे झाले, ते पत्र 'कार्यवाही झाली' या कप्प्यात हलवावयाचे. आवक-जावक नोंदवहीत आपण जी शिस्त पाळतो, तीच ही.

तिसरी दक्षता गोपनीयतेची आहे. पत्रपेटी दोन संगणकांवर उघडी असणे म्हणजे घराला दोन दरवाजे असणे होय. आपल्या पत्रांत मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे भ्रमणध्वनी असतात. दोन्ही संगणकांस उघडण्याचा पासवर्ड असावा. तो पडद्यावर चिकटवून ठेवू नये. लॅपटॉप हरविल्यास त्याच दिवशी दुसऱ्या संगणकावरून पत्रपेटीचा पासवर्ड बदलावा व हरविलेल्या संगणकाचा प्रवेश रद्द करावा. शाळेची अधिकृत पत्रपेटी घरच्या संगणकावर मुख्याध्यापकांच्या संमतीशिवाय लावू नये आणि बदली झाल्यावर ती तेथून काढण्यास विसरू नये.

शेवटी

पुढील महिन्याच्या शिक्षण परिषदेस मी टेबलावरचा संगणक उचलून नेला. लॅपटॉप शेजारी ठेवला व ज्यांच्यासमोर तो शिक्षक खाली मान घालून बसला होता, त्या सर्वांसमोर फळा आणि पाटीचे हे उदाहरण प्रत्यक्ष करून दाखविले. पत्र वेळेवर आले होते, चूक माझ्या घरातील मांडणीची होती व त्याहून मोठी चूक माझ्या उतावळेपणाची होती, असे स्पष्ट सांगून त्याची क्षमा मागितली. तो उठून म्हणाला, "साहेब, तुम्ही लॅपटॉप फिरवलात तेव्हा मलाच वाटलं, आपण पाठवलं की नाही? घरी जाऊन दोनदा तपासलं."

हे वाक्य माझ्या मनात अद्याप घर करून आहे. अधिकाराच्या जागेवरील माणसाने पुरावा म्हणून कोरा पडदा दाखविला की, खरे बोलणाऱ्यासही स्वतःची शंका येते. वर्गात आपणही कित्येकदा विद्यार्थ्यास म्हणतो की, तू गृहपाठ केलाच नाहीस. वही दुसऱ्याच दप्तरात गेलेली असते. पत्र दिसत नाही, याचा अर्थ पत्र पाठविलेले नाही असा होत नाही. कोरा पडदा एवढेच सांगतो की, या संगणकास ते मिळालेले नाही.

सर्व शिक्षक बंधुभगिनींना विनंती की, वर दिलेली पडताळणी त्यांनी या आठवड्यात आपल्या घरी करून पाहावी. ज्यांना बदल करणे अवघड वाटेल, त्यांनी पुढील शिक्षण परिषदेस येताना आपला लॅपटॉप बरोबर आणावा. आपण मिळून तो नीट लावू. आणि कोणाचे पत्र आले नाही असे म्हणण्यापूर्वी घरातील दुसरा संगणक एकदा उघडून पाहावा.

आपला,
शिक्षण विस्तार अधिकारी